आईचे बाहेरचे दिवस

आई,

तुला पत्र लिहायची सवय मला कधी लागलीच नाही. एका घरात राहणाऱ्यांनी कशाला लिहायची पत्रं? शिकायला मुंबईला होते तेवढी वर्षं मी घरी पत्रं धाडली, पण ती अण्णांच्या नावाने जायची आणि शेवटी एका ओळीत ‘आईस नमस्कार’ असायचा. तुझ्या नावाने म्हणून हे पहिलंच. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयाला मी केव्हाच मागे टाकलंय. आज तू दारात येऊन उभी राहिलीस तर शेजारचे तुला माझी मुलगी समजतील. मला मुलगी नाही, हे त्यांना माहीत असूनही समजतील.

मी आता शहराच्या टोकाला येलहंक्याला राहते, एकटीच. वरून हवाई दलाची विमानं गेली की खिडक्या थरथरतात आणि बोलणाऱ्याला मध्येच थांबावं लागतं. माझ्यासमोर बोलायला कोणी नसतं, त्यामुळे मला त्याचा त्रास नाही. काम सोडून बरीच वर्षं झाली तरी आठवड्याला एखाददुसरी बाई अजून येते. कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असतं, की त्या म्हातारीकडे जा, ती हात लावून बघते. गेल्या आठवड्यात अशीच एक आली. पीण्या भागातल्या एका कारखान्यात दिवसभर उभ्याने काम करते. ओडिशाकडची असावी, तिला तिची भाषा सोडून काही येत नव्हतं, म्हणून शाळेत जाणारी मुलगी बरोबर आणली होती. बाई माझ्याकडे बघत पुष्कळ बोलली. मग मुलीने मला कन्नडमध्ये सांगितलं, ‘पोटात दुखतं म्हणते.’ मी विचारलं, एवढंच? मुलीने मान खाली घातली. मला तेव्हा जे झालं ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. बाई गेल्यावर दोन दिवस मी जेवणखाण धड केलं नाही आणि आज कागद घेऊन बसले आहे.

तुझं दुखणं धाकट्याच्या बाळंतपणापासूनचं. तो जन्मताना अडला, दोन दिवस तू आडवी होतीस, मग चिमटा लावून त्याला काढला. तो मजेत वाढला आणि तुझं मात्र खाली काहीतरी बिघडून राहिलं. त्या दुखण्याला घरात नावच नव्हतं. पोटदुखी म्हणावं तर जेवणाशी त्याचा संबंध नव्हता, कंबरदुखी म्हणावं तर कंबरेत नव्हतं. तू म्हणायचीस, ‘आत खाली ओढ लागते.’ पाटावर बसून भाजी चिरताना तू एका मांडीवरचा भार दुसऱ्या मांडीवर टाकत राहायचीस. चुलीपुढून उठताना भिंतीला धरून क्षणभर तशीच थांबायचीस आणि मग काही झालंच नाही अशी परातीकडे वळायचीस. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी तपासलं, लाल औषधाची बाटली दिली, क्ष-किरणांचा फोटो काढवला. फोटोत काही निघालं नाही. काही निघालं नाही म्हणजे काही नाहीच, असा घरात त्याचा अर्थ झाला. अण्णा बायकांच्या गोष्टीत पडत नसत. ते वर्तमानपत्र थोडं वर धरायचे.

तू कऱ्हाडकडून लग्न होऊन बसवनगुडीत आलीस. आमच्या घराण्याची मराठी इथेच पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली, निम्मी कन्नड. आत्या तुला ‘स्वल्प सर की’, म्हणजे जरा सरक, म्हणायची तेव्हा पहिल्या वर्षी तू म्हणे तिच्या तोंडाकडे बघत राहायचीस. बाजारापुरतं कन्नड तुला पुढे आलं, पण मनातलं बोलायला तुझी मराठी आणि ऐकायला मी. आत्या विधवा होऊन भावाकडे आलेली, घराचं सोवळंओवळं सगळं तिच्या हातात. ती वाईट नव्हती, हे आता मला कळतं. तिचे स्वतःचे गुडघे गेलेले होते. पण तिच्या डोक्यात एक पंचांग होतं आणि त्यात तिथी-वारांबरोबर घरातल्या बाईचे महिन्याचे दिवसही लिहिलेले असायचे. बाहेर बसलेल्या बाईने न्हाणीघरामागच्या खोलीत तीन दिवस काढायचे, कशाला शिवायचं नाही, वाढलेलं खायचं, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. बाकी दिवस पहाटेपासून ओल्या लुगड्यात सोवळ्याचा स्वैपाक. एवढी एकच सुट्टी होती तुला, महिन्यामहिन्याने तीन दिवसांची.

ती सुट्टी वाढवायची युक्ती तुला केव्हा सुचली, मला माहीत नाही. दुखणं अगदी सहन होईनासं झालं की तू हातातलं काम खाली ठेवायचीस आणि म्हणायचीस, ‘वन्सं, मी बाहेरची झाले.’ मग ती मागची खोली, चटई, आणि पाठ टेकणं. आत्या करवादायची. ‘पुन्हा? परवाच की न्हालीस तू.’ तू चटई उचलायचीस. ‘सरी, सरी. जा, बस. मी बघते स्वैपाकाचं.’ विटाळाच्या बाईला कोणी हात धरून कामाला जुंपू शकत नव्हतं. मीठ-पिठासारखा तू तो विटाळ वापरत होतीस. देवाची भीती तुला होती की नाही कोण जाणे, पण तेव्हा देवापेक्षा दुखणं मोठं होतं.

मला कळलं ते धुणं वाळत घालताना. मागच्या दोरीवर त्या दिवसांत जे असायला हवं ते काहीच नव्हतं. मी अकरा-बारा वर्षांची, आगाऊ, तुला सरळ जाऊन विचारलं. तू माझं तोंड दाबलंस. मग हात काढून म्हणालीस, ‘कोणाला सांगायचं नाही. अण्णांनासुद्धा नाही.’ त्या दिवसापासून मी शाळेतून आले की दप्तर टाकून मागच्या खोलीत यायला लागले. तुला शिवलं तर मला न्हावं लागेल, असा नियम, पण विटाळ खोटाच आहे हे ठाऊक असल्यावर कसलं न्हाणं! आत्या दुपारी पडलेली असायची. मी तुझ्या पोटाशी डोकं घालून आडवी व्हायची. तू कृष्णा-कोयनेच्या संगमाच्या गोष्टी सांगायचीस, तुझ्या शाळेतल्या, तुझ्या वडिलांच्या सायकलच्या. इतर दिवशी तू माझ्याशी बोलायचीस ते ‘पाणी आण’ आणि ‘धाकट्याला घे’ एवढंच. त्या खोलीत मात्र माझी वेणी दोनदा सोडून दोनदा घालायला तुला वेळ असायचा.

मधल्या काळात ती मालीशवाली अज्जी भेटली. शेजारच्या घरी बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायला यायची, काळी, काटक, हात खरखरीत. आत्याला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, बाळंतीण नाही काही नाही, तेल कशाला जिरवायचं? म्हणून आत्या कीर्तनाला गेली की शुक्रवारी दुपारी मी अज्जीला मागच्या दाराने आणायची. तिने तुला कुशीवर झोपवलं आणि तेलाच्या अंगठ्याने कमरेखाली, बसायच्या हाडाच्या आतल्या बाजूला चाचपत चाचपत एका जागी दाबलं. तू किंचाळलीस. मग म्हणालीस, ‘हेच. हेच ते.’ अज्जी कन्नडमध्ये म्हणाली, ‘इल्ली बिगियागिदे, अम्मा.’ मी सांगितलं, इथे आवळून बसलंय म्हणते. पोटात काही नाही, तिथलं मांस आवळलंय आणि ते पोटाला ओढतंय, असं तिचं म्हणणं. ती दाबून धरायची, तुझा श्वास सुटेपर्यंत थांबायची, मग मांडीच्या आतून चोळत जायची. चार-पाच शुक्रवार आली असेल. त्या आठवड्यांत तू एकदाही खोटी बसली नाहीस. चुलीपुढे एकदा गुणगुणलीससुद्धा. मग अज्जीची सून बाळंत व्हायची होती म्हणून ती गावी गेली, ती परत आलीच नाही. तू पुन्हा मागच्या खोलीत यायला लागलीस आणि मी खरं तर खूश झाले.

आत्याच्या पंचांगात हिशेब बसेना. एका महिन्यात तीनदा. तिने अण्णांना वर्तमानपत्र खाली ठेवायला लावलं आणि ठरलं, की कँटोन्मेंटातल्या बायकांच्या इस्पितळात दाखवायचं. आत्या, तू आणि मी. मी का, तर तिथल्या डॉक्टरीणबाईंना तमिळ आणि इंग्रजी सोडून काही येत नाही म्हणे, आणि घरात इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटी. आत्याने आपल्या मोडक्या तमिळमध्ये आधीच सगळं सांगून टाकलं होतं, बोटं वर करकरून, एक, दोन, तीन. मग तपासायचं म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला व्हरांड्यात बसवलं आणि मला पडद्याआड तुझ्या उशाशी उभं केलं.

‘हिला विचार,’ त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, ‘तुझी आत्या सांगते ते खरं का? महिन्यातून दोन-तीनदा?’

मी तुला विचारलं. तू आधी म्हणालीस, ‘वन्सं कुठे आहेत?’

‘बाहेर.’

‘दार लागलंय?’

‘हो.’

मग तू माझं मनगट धरलंस आणि भराभर बोलायला लागलीस. ‘तर मग नीट सांग त्यांना. मला महिन्याचं एकदाच होतं, सगळ्यांसारखं. बाकीच्या वेळी मी उगाच बसते, पाठ टेकायला मिळते म्हणून. रक्ताचं काही नाही म्हणावं. दुखतं ते आत, डाव्या अंगाला, बसलं की जास्त. ती अज्जी तिथे दाबायची तेव्हा दोन-दोन दिवस बरं असायचं, तेही सांग. जागा मी दाखवते. आणि वन्संना यातलं काही कळू देऊ नका म्हणावं. सांगशील ना?’

इतकं सलग तू कुणाशी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाई पेन धरून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, हो, आत्या म्हणते तसंच आहे. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. पोटात दुखतं. बसवत नाही.

‘एवढंच? ती तर बरंच बोलली.’

‘एवढंच,’ मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं, तुझी पापणी ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाल्या. तू मला विचारलंस, ‘सांगितलंस?’ मी मान हलवली. तू डोळे मिटलेस आणि तुझा चेहरा असा सैल झाला, की मला वाटलं, बरं केलं मी.

पिशवी काढायची, असं त्यांनी आत्याला सांगितलं तेव्हा मला पिशवी म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. मला वाटलं होतं लाल औषधाची बाटली देतील. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी अण्णा मला इस्पितळात घेऊन आले आणि बाहेर बोलत थांबले. तू खाटेवर बसली होतीस. म्हणालीस, ‘मी सगळं खरं सांगितलं, तरी त्या काढाच म्हणतात. म्हणजे आत काहीतरी वाईट आहे गं. मला सांगत नाहीत.’ मग धाकट्याला दूधभात कसा कालवायचा ते सांगितलंस, भात आधी मऊ कुस्करायचा, दूध कोमट हवं. मला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाई दोन खाटा पलीकडे उभ्या होत्या. चार पावलं चालून गेले असते, तर झालं असतं. मी धाकट्याचा दूधभात नीट लक्षात ठेवला.

तू घरी आलीस, महिनाभर उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं, त्यातले पंधरा दिवस तुला मिळाले. तुझं दुखणं जसंच्या तसं होतं. उलट टाक्यांनी आणखी ओढ लागायची. पण आता बाहेर बसायला काही कारणच उरलं नाही. आत्या शेजारणीला सांगत होती, ‘सुटली बघा बिचारी. आता तीसही दिवस घरात.’ तिला खरोखर आनंद झाला होता, तिच्या गुडघ्यांना विसावा मिळाला. तीसही दिवस तू पहाटे ओल्या लुगड्यात चुलीपुढे. मागच्या खोलीत सरपण भरलं. तुझ्याजवळची ती एकच पळवाट मी बुजवली, आणि तू जाताना येताना माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिलीस, की पोरीने त्या दिवशी किती धीराने सगळं सांगितलं.

मी हा फिजिओथेरपीचा धंदा निवडला तो काही पश्चात्तापाने नाही, उगाच मोठेपणा घेत नाही. मार्क बरे होते, मुंबईत प्रवेश मिळाला, अण्णांना ‘डॉक्टरकीसारखंच काहीतरी’ असं सांगता आलं. पण स्नायू शिकायला लागले आणि एके दिवशी आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी ओटीपोटाला खालून झोळीसारखे धरून ठेवणारे स्नायू दाखवले. म्हणाल्या, अडलेल्या बाळंतपणात हे दुखावतात, मग आवळून बसतात, बाई पोट दुखतं म्हणते आणि आपण पोटात शोधत बसतो. मी वही मिटली. बाकीच्या मुली लिहीत होत्या.

परत आल्यावर एका रविवारी दुपारी तुला चटईवर कुशीवर झोपवलं. साठचं दशक संपत आलं होतं, आत्या गेली होती, ओलं लुगडं गेलं होतं, तुझे केस पांढरे झाले होते. मी अंगठा ठेवला आणि जागा शोधली. शोधावी कसली लागते, अज्जीने दाखवलेलीच. तू किंचाळली नाहीस. म्हणालीस, ‘तीच बघ.’ मी दाबून धरलं, श्वास खाली सोडायला सांगितलं, मांडी सैल करायला शिकवलं. सहा-सात रविवारांनी तू लाकडी खुर्चीवर दोन्ही बाजूंनी सारखी बसलीस आणि माझ्याकडे अशी बघायला लागलीस जसं काही मी जादू केली. ‘तुझ्या हाताला गुण आहे गं,’ म्हणालीस. पूर्ण बरी नाही झालीस, इतकी वर्षं मुरलेलं ते. पण बसायला लागलीस.

अशाच एका दुपारी, माझे हात तुझ्या कमरेवर असताना, तू भिंतीकडे तोंड करून विचारलंस, ‘त्या डॉक्टरीणबाईंना तू सगळं सांगितलं होतंस ना? अज्जीचं, नि मी उगाच बसायचे ते?’

‘हो.’

‘सगळं?’

‘हो, आई.’

तू पाय जरा पोटाशी घेतलेस. मग म्हणालीस, ‘मग त्यांना समजलं नसेल. त्यांचा तरी काय दोष. इथे जरा अजून दाब.’

पुढच्याच वर्षी तू काविळीने गेलीस. त्यानंतर मी कितीतरी बायकांना हात लावला. नंतर नंतर एका सुया टोचणाऱ्या डॉक्टरांबरोबरही काम केलं. चिनी विद्या. घोट्याच्या हाडाच्या वर चार बोटं, पायाच्या आतल्या अंगाला सुई, माकडहाडापाशी दोन, आणि बाई अर्धा तास पडून राहायची. ते सुया लावायचे, मग मी स्नायू सोडवायची. काहींना गुण यायचा, काहींना नाही, काही नुसत्याच झोपून जायच्या. अर्धा तास कोणी उठवायला येत नाही, हे त्यांना नवीन असायचं. मी दाराशी बसून राहायची आणि कोणी सासू, नणंद आत डोकावायला लागली तर तिला परत पाठवायची. सगळे मला खडूस म्हणत. प्रत्येक बाईला मी एकटीला गाठून, दार लावून विचारत आले, खरं काय ते सांगा. माझं खरं काय ते मी मात्र कुणाला सांगितलं नाही. लग्न केलं नाही, मैत्रिणी होत्या त्या पांगल्या, धाकटा परदेशात, त्याला तर यातलं अवाक्षर ठाऊक नाही. त्याला दूधभात आवडतो एवढं तो सांगतो.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले, की मी तुझं गुपित राखलं. डॉक्टरीणबाईंनी आत्याला सांगितलं असतं, आत्याने घर डोक्यावर घेतलं असतं, बारा वर्षांच्या पोरीला दुसरं काय सुचणार? कोणालाही पटेल असं आहे. पण पडद्याआड तू माझं मनगट धरून बोलत होतीस तेव्हा माझ्या मनात आत्या नव्हतीच. डॉक्टरीणबाई आता औषध देतील, तू बरी होशील, मग मागच्या खोलीत येणार नाहीस, आणि माझ्याशी बोलणार नाहीस, एवढंच मनात होतं. मला तुझं दुखणं थांबायला नको होतं, आई. तू विचारलंस तेव्हा मी हो म्हणाले. सांगितलं नव्हतं मी.